वर्गात पडदा आखताना

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या व्यासपीठावरून विद्वान वक्त्यांची व्याख्याने होत असतात. या वर्षी तो मान माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि उभे आयुष्य खडू झिजविण्यात घालविलेल्या निवृत्त शिक्षकास देण्यात आला, यात कार्यवाहांचा माझ्यावरील लोभच दिसून येतो. विषयही त्यांनीच नेमून दिला आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत संघाच्या वर्गात इयत्ता आठवी ते दहावीच्या २४ मुलामुलींनी एकत्र बसून आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा मोबाईलवरील पडदा कागदावर आखला. तो उद्योग कसा चालला व त्यातून काय हाती आले, हे मी आपल्यापुढे मांडावे, अशी त्यांची आज्ञा आहे.

प्रथम हा उद्योग का आरंभिला ते सांगतो. आपला अर्ज आजवर छापील होता. तो मोबाईलवरून भरता यावा अशी तरुण सभासदांची मागणी होती आणि ती रास्तच होती. परंतु त्याच सुमारास आपल्यातील एका मुलीची हकीकत कानी आली. मुलगी दहावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली. दुसऱ्या एका ठिकाणच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी ती तालुक्याच्या गावी गेली. अर्जात मोबाईल क्रमांक वडिलांचा. वडील ट्रकचालक, त्या घटकेला ते महामार्गावर गाडी हाकीत होते. ओटीपी त्यांच्या फोनवर गेला. गाडी कडेला घेऊन त्यांनी तो कळवीपर्यंत मुदत टळून गेली. पुन्हा ओटीपी, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस पडद्याने चोवीस तास थांबावयास सांगितले, आणि तो तर अर्जाचा शेवटचा दिवस होता. मुलगी घरी येऊन आईला म्हणाली, "मला भरता आला नाही." माझे म्हणणे एवढेच, की हे वाक्य खरे नव्हे. तिला अर्ज भरता येत होता. ज्याने तो आखला त्याला तिचे घर ठाऊक नव्हते. आपल्या संघाच्या अर्जाने तरी आपल्याच मुलीवर असा प्रसंग आणू नये, हा यातील मूळ हेतू.

इंग्रजीत ज्याला 'युझर इंटरफेस' म्हणतात त्याला मी मराठीत नुसता 'पडदा' म्हणतो; याहून चांगला शब्द कोणी सुचविल्यास आनंदाने स्वीकारीन. जुन्या घराला जशी ओसरी, तसा यंत्राला हा पडदा. माजघरात काय चालले आहे ते परक्याला दिसत नाही, दिसण्याचे कारणही नाही. ओसरीवर बसावयास जागा आहे का, हाक कोणाला मारावी, पाणी कोठे ठेवले आहे, एवढेच त्याला कळावे लागते. मोबाईल येण्यापूर्वीही हा प्रश्न होताच. चार बर्नरची गॅसची शेगडी पाहा. बर्नर चौकोनात आणि बटणे मात्र एका ओळीत. कोणते बटण कोणत्या बर्नरचे, हे वर्षानुवर्षे स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीलाही क्षणभर थांबून पाहावे लागते. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन पंडिताने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात शेगडीचेच उदाहरण घेतले आहे. त्याचे म्हणणे असे, की हा दोष गृहिणीच्या स्मरणशक्तीचा नसून मांडणीचा आहे. बटणे बर्नरसारखीच चौकोनात बसविली, तर खुणेच्या चिठ्ठ्या चिकटविण्याची गरज राहत नाही.

याच्या उलट उदाहरण मतदानयंत्राचे. त्यावरील राजकीय वाद आपण बाजूस ठेवू. मी केवळ बटणांविषयी बोलतो आहे. उमेदवाराचे नाव, शेजारी चिन्ह, त्याच ओळीत निळे बटण. दाबले की तांबडा दिवा लागतो आणि आवाज होतो. १९८२ साली केरळातील परूर येथे हे यंत्र प्रथम वापरले गेले. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते हाताळता येते, याचे कारण चिन्ह आणि बटण यांच्यामध्ये त्याला काही शोधावे लागत नाही.

आता कोणी म्हणेल, की ही आखणी तज्ज्ञांनी करावी. शाळकरी मुलांचे तेथे काय काम? या शंकेचे उत्तर मला माझ्या पुतणीने दिलेल्या पुस्तकांत सापडले. ती याच व्यवसायात आहे. नॉर्वे देशात क्रिस्टन नायगार्ड नावाचे थोर संगणकशास्त्रज्ञ होऊन गेले. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी लोखंड व धातुकामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. कारखान्यात संगणक येणारच असेल तर त्यावर काम करणाऱ्याचे म्हणणे त्यात उतरले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. पुढे १९८१ ते १९८५ या काळात स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये 'यूटोपिया' नावाची योजना झाली. वृत्तपत्राची पाने जुळविणारे कामगार आणि संशोधक तीत एकत्र बसले. हवी ती यंत्रे त्या वेळी उपलब्ध नव्हती. मग त्यांनी काय केले? पुठ्ठ्याची यंत्रे केली! एका रिकाम्या खोक्यावर 'लेझर प्रिंटर' असे लिहून ते टेबलावर ठेवले, आणि ते खरेच आहे असे मानून कामगार पान लावू लागले. काम करता करता माणूस कोठे अडतो ते त्या खोक्यानेही दाखविले.

मुलांच्या बाबतीत अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाचे उदाहरण देतो. ॲलिसन ड्रूइन या विदुषींनी तेथे १९९८ च्या सुमारास ७ ते ११ वर्षांची मुले आणि प्रौढ संशोधक यांचा एकत्र गट उभा केला. २००२ साली त्यांनी मुलांसाठी आंतरराष्ट्रीय अंकीय ग्रंथालय सुरू केले. त्यात मुखपृष्ठाच्या रंगावरून पुस्तक शोधण्याची सोय ठेवली होती. ग्रंथपालाच्या वर्गीकरणात रंगाला स्थान नसते. परंतु मुलाला आठवते ते 'ते तांबडे पुस्तक'. आपल्या ग्रंथालयात येणारी मुलेही असेच विचारतात आणि आमचे ग्रंथपाल कपाळाला हात लावतात, हे आपण पाहिलेच आहे. त्या अमेरिकन गटात मुले मोठ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. ते आपल्याकडे साधणार नाही आणि साधावे असे मला वाटतही नाही. 'सर' म्हणूनही मुलगा सरांच्या म्हणण्यातील उणीव दाखवू शकतो, मात्र सरांनी ऐकून घेतले पाहिजे. सर्वांनी जमिनीवर बसण्याची त्यांची चाल मात्र मला भावली. ती तर मूळची आपलीच. बाके भिंतीला लावून आम्ही सतरंज्या अंथरल्या.

चार-चार जणांचे सहा गट केले. सख्खी भावंडे वेगळी ठेवली. शहरातील दोन आणि गावाकडील दोन असे शक्य तेथे मिसळले. प्रत्येकाला स्वतंत्र पेन्सिल दिली. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु गटाला एकच पेन्सिल दिली तर ती ज्याच्या हाती जाते त्याचाच पडदा होतो आणि बाकीचे तीन जण माना डोलावतात. वर्गात मी हे पुष्कळ पाहिले आहे. कागदही मोबाईलएवढाच कापून दिला. फुलस्केप कागद दिला असता तर मुलांनी त्यावर सारे जग मांडले असते.

बोलण्यापूर्वी आखावयाचे, हा पहिला नियम. कागदाला तीन घड्या घातल्या की आठ घरे होतात. आठ मिनिटांत आठ वेगवेगळ्या कल्पना, प्रत्येक घरात एक, आणि तोवर कोणी तोंड उघडावयाचे नाही. ही युक्ती माझी नव्हे. जेक नॅप यांच्या २०१६ साली निघालेल्या 'स्प्रिंट' या पुस्तकात ती वर्णिलेली आहे. पहिली तीन-चार घरे सर्वांची सारखीच निघतात, कारण फोनवर रोज जे पाहिले तेच हातातून उतरते. त्यापुढे मन रिकामे होते आणि मग खरा विचार सुरू होतो. चित्र चांगले आले पाहिजे असे काही नाही. चौकोन, रेघ आणि चार शब्द पुरतात, हे मात्र पहिल्याच दिवशी बजावून सांगावे लागते. नाही तर चित्रकलेत हुशार मुले रंगपेटी काढतात.

नंतर सर्व कागद भिंतीवर लावले. मत देण्यासाठी रंगीत ठिपके लागतात, ते काही मिळेनात. तेव्हा एका मुलीने कपाळावर लावावयाच्या टिकल्यांची पाकिटे सुचविली. प्रत्येकाला तीन टिकल्या. आवडलेल्या घरावर लावावयाच्या, स्वतःच्या नव्हे. मुलगे आरंभी लाजले, मग सरसावले.

या ठिकाणी मला एका मुलीविषयी सांगितले पाहिजे. नववीतील ही मुलगी तीन दिवस भिंतीला टेकून बसे, विचारल्यावाचून बोलत नसे. तोंडी चर्चेने काम चालले असते, तर तिचे म्हणणे आम्हांला कधीच कळले नसते. तिच्या कागदावरील सातव्या घरात एक बटण होते आणि त्यावर लिहिले होते, 'बाबा आल्यावर पुढे भरू'. दोघे-तिघे हसले. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाबा शनिवारी येतात. कागद त्यांच्याकडे असतात, फोनपण त्यांचाच." त्यानंतर कोणी हसले नाही. त्या घरावर अकरा टिकल्या लागल्या. बाकी कोणत्याही घराला सहावर मजल मारता आली नाही. वर ज्या ट्रकचालकाच्या मुलीची हकीकत सांगितली ती मी या वर्गाला सांगितलेली नव्हती, हे मुद्दाम नमूद करतो.

पुढचा भाग परीक्षेचा, आणि ही परीक्षा पडद्याची, माणसाची नव्हे. जेकब नील्सन या तज्ज्ञाने २००० साली असे प्रतिपादिले, की पाच माणसांकडून वापरून घेतले तरी बहुतेक दोष उघडे पडतात. आम्ही पाच ज्येष्ठांना बोलाविले: नातवाचा सांभाळ करणाऱ्या एक आजी, एक रिक्षाचालक, एक शिंपीकाम करणाऱ्या भगिनी, एक शेतकरी आणि एक निवृत्त कारकून. कागदी पडदा समोर ठेवावयाचा. एका मुलाने 'यंत्र' व्हावयाचे. पाहुण्याने कागदावरील बटणाला बोट लावले की त्याने पुढचा कागद ठेवावयाचा. एकाने काम सांगावयाचे, दोघांनी टिपून घ्यावयाचे. पाहुणा अडला तरी कोणी काही सुचवावयाचे नाही. हा शेवटचा नियम मुलांना जड गेला. शिक्षकाला तर तो त्याहून जड जातो, कारण अडलेल्याला सांगणे हाच आमचा धंदा. मी दोन्ही हात मागे बांधून खिडकीशी उभा राहिलो.

आजी बसल्या त्याच "मला मेलीला यातलं काय कळतंय" असे म्हणत. पालकाची जन्मतारीख भरावयाची होती. मुलांनी फोनवर असते तसे सुबक कॅलेंडर आखले होते. मे महिना उघडलेला आणि मागे जाण्यास एक बाण. आजींची तारीख १ जून १९५२. शाळेत नाव घालताना गुरुजींनी बसवून दिलेला १ जून हा त्या पिढीचा सामुदायिक वाढदिवस, हे आपण जाणताच. आजींनी बाणावर बोट ठेवले. 'यंत्र' झालेल्या मुलाने एप्रिलचा कागद ठेवला. पुन्हा बोट, मार्च. त्याच्याजवळचे कागद संपले. तो हाताने महिने लिहू लागला. सातव्या महिन्याला त्याने पेन्सिल ठेवली आणि विचारले, "आजी, अजून किती मागे जायचंय?" आजी शांतपणे म्हणाल्या, "बाळा, मला बावन साली जायचंय."

वर्ग खो खो हसला, पण एकाने लगेच गणित मांडले. साडेआठशेहून अधिक वेळा बोट लावावे लागले असते. तोच 'यंत्र' झालेला मुलगा आजींना म्हणाला, "तुमचं नाही चुकलं आजी, आमचं चुकलं." दुसऱ्या दिवशी कॅलेंडर गेले आणि त्या जागी तीन साधी घरे आली: दिवस, महिना, वर्ष. संगणकावर हे कॅलेंडर तयार होऊन आले असते, तर आजी दहाव्या बोटाला थकून फोन नातवाच्या हाती देत्या आणि दोष स्वतःकडे घेत्या. येथे यंत्राच्या जागी मूल बसले होते, म्हणून दमला तो यंत्राचाच हात.

भाषेच्या गमती मला, मराठीचा शिक्षक म्हणून, विशेष वाटल्या. मोबाईल क्रमांकात एक अंक कमी पडला तर 'अवैध नोंद' असे दाखवावयाचे मुलांनी योजिले होते. सगळीकडे तसेच असते म्हणून. रिक्षाचालकांनी ते वाचले आणि दचकून विचारले, "अवैध? दंड किती?" कायद्याच्या पुस्तकातील शब्द गरीब माणसाच्या तोंडावर फेकला की तो घाबरणारच. मुलांनी त्याऐवजी लिहिले: 'मोबाईल क्रमांक १० अंकी हवा. आपण ९ अंक लिहिले आहेत.' 'सादर करा' हा दुसरा शब्द. शिंपीकाम करणाऱ्या भगिनी म्हणाल्या, "सादर तर गॅदरिंगमध्ये करतात." तेथे 'पाठवा' आले. कोपऱ्यातील तीन आडव्या रेघा पाहून शेतकरी काकांना शंकराच्या कपाळावरील भस्माचे पट्टे वाटले. त्या रेघांत पुढची यादी दडलेली असते हे कोणी जन्मतः जाणत नाही. रेघांखाली 'यादी' एवढे लिहिताच प्रश्न मिटला.

निवृत्त कारकुनांनी नावाचा घोळ दाखविला. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम, आधार कार्डावर बहुधा ते शेवटी. एकाच रकान्यात 'पूर्ण नाव' मागितले तर कोणी कसे लिहील याचा नेम नाही, आणि पुढे बँकेत नावे जुळत नाहीत. म्हणून आडनाव, स्वतःचे नाव व वडिलांचे किंवा आईचे नाव अशी तीन घरे झाली. 'किंवा आईचे' ही सूचना मुलींची. सर्वांनी ती एकमताने मान्य केली.

सर्व वाद असे सहज मिटले नाहीत. ओटीपीवरून आमचे खजिनदार आणि मुले यांच्यात चांगलीच जुंपली. मुलांचे म्हणणे, तो काढूनच टाका. खजिनदारांचे म्हणणे, पैसा शेवटी बँकेच्या खात्यात जावयाचा; माणूस खरा की खोटा हे पडताळल्यावाचून मी सही कशी करू? दोन्ही बाजू रास्त होत्या. मुलांनी रुसून न बसता त्यांनाही सतरंजीवर बोलावून घेतले व त्यांची अडचण कागदावर उतरविली. अखेर असे ठरले, की अर्ज भरताना ओटीपी नाही. 'उरलेले नंतर भरू' या बटणाने अर्धा अर्ज जपून ठेवता येईल. ओटीपी एकदाच, अगदी शेवटी, 'पाठवा' म्हणताना मागावा. म्हणजे बाबा शनिवारी आले की एका बैठकीत काम होते. त्या मुलीच्या बटणावरील शब्द बदलले, बटण राहिले.

हे सारे होण्यास रोज दोन तास याप्रमाणे सहा दिवस लागले. खर्च म्हणाल तर कागद, पेन्सिली, गोंद आणि टिकल्यांची पाकिटे. संगणक एकही लागला नाही, आणि या टप्प्यावर तो आणूही नये असे माझे मत आहे. संगणकावर नीटनेटके दिसणारे चित्र पाहिले की मुले ते पुसावयास धजत नाहीत, पाहुणेही त्याला नावे ठेवीत नाहीत. पेन्सिलीच्या वेड्यावाकड्या रेघांना मात्र कोणीही बोल लावतो. आता तर तोंडाने सांगितले की क्षणात पडदा आखून देणारी यंत्रे आली आहेत. माझ्या पुतणीने त्यांपैकी एकाला आपलाच अर्ज आखावयास सांगितले. पडदा फार सुंदर आला. त्यात कॅलेंडर होते.

अभ्यासक्रमात हे कोठे बसते, असे काही शिक्षकबंधूंनी विचारले. मराठीच्या तासाला सूचनालेखन, गणिताच्या तासाला बाणाचा हिशेब, नागरिकशास्त्राच्या तासाला ओटीपीचा वाद. मला तरी जागा पुष्कळ दिसते. गुण कसे द्यावे, हा प्रश्न मी निवृत्त असल्यामुळे माझ्यापुढे आला नाही, आणि त्याबद्दल मी ईश्वराचा आभारी आहे.

कार्यकारी मंडळाने मुलांचा आराखडा स्वीकारला असून तो प्रत्यक्ष तयार करण्याचे काम तरुण सभासदांनी अंगावर घेतले आहे. छापील अर्जही पूर्वीप्रमाणे मिळत राहील. ज्यांच्या घरी असा फोन नाही त्यांच्यासाठी कोणताही पडदा पुरा पडत नाही, आणि मुलांनीही आपल्या शेवटच्या कागदावर तसे लिहून दिले आहे.

ते सर्व कागद शेजारच्या दालनात तीन टेबलांवर मांडून ठेवले आहेत. चहापानानंतर, विशेषतः साठीपुढील बंधुभगिनींनी, तेथे यावे आणि आपल्या नातवंडाचा अर्ज बोटाने भरून पाहावा. मुले तेथे उभी असतील. ती आपल्याला काही सांगणार नाहीत, विचारले तरी नाही. तो उद्धटपणा समजू नये, तशी त्यांना माझी सूचना आहे. कोठे अडलात तर तेवढे मोठ्याने बोला, म्हणजे टिपून घेता येईल.